बारा बार, तीन कॉर्ड आणि हरवलेला गंधार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा आला. गिटार खांद्यावरून उतरवायच्या आधीच त्यानं खिशातून फोन काढला. "सर, आधी हे ऐका, मग बोलू." कोथरूडमधल्या एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत चौघांनी मिळून वाजवलेला ब्लूज होता. ड्रम, बास आणि दोन गिटार. ए मधला साधा बारा बारचा ब्लूज, म्हणजे चार-चार बीटचे बारा बार, त्यांत ए सेव्हन, डी सेव्हन आणि ई सेव्हन या तीनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), आणि हीच फेरी पुन्हा पुन्हा. मिनिटाला ८० बीटच्या आसपासची लय. पहिल्या गिटारवाल्याचा सोलो संपला आणि याचा सुरू झाला. बोटं साफ, बेंड (तार ओढून चढवलेले सूर) नेमके, लय पक्की. पहिल्यांदा ऐकताना कानाला टोचेल असा एकही सूर नव्हता. संपल्यावर त्यानं तक्रार एका वाक्यात सांगितली: "बाकीचे वाजवतात तेव्हा गाणं वाटतं, माझा सोलो सुरू झाला की रियाज वाटतो."

वीसेक वर्षं गिटार शिकवताना ही तक्रार मी वेगवेगळ्या तोंडून ऐकली आहे. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. दुखणं कुठे आहे ते यात अगदी बोट ठेवून दाखवता येतं, आणि पहिला उपाय करताना मी स्वतः चुकलो होतो, तेही यात आलं पाहिजे.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात. वय ३४. विमा कंपनीत नोकरी. गिटार बारा वर्षं हातात. त्याआधी, म्हणजे शाळेत असताना, आजोबांच्या भजनी मंडळात पेटीची साथ करायचा. गिटार मुख्यतः एका ऑनलाइन कोर्सवरून शिकलेला. पेंटॅटोनिकच्या, म्हणजे पाच सुरांच्या स्केलच्या, पाचही पोझिशन झोपेतून उठवलं तरी वाजवेल, मेजर स्केलचे सातही मोड (त्याच सुरांची वेगळ्या सुरापासून सुरू होणारी रूपं) पाठ. अभ्यास कमी पडला असं कोणी म्हणू शकणार नाही.

सहावा फ्रेट

मी त्याला एकच गोष्ट करायला लावली. बॅकिंग ट्रॅक नाही, साथ नाही, पायानं ताल धरायचा आणि एकट्यानं बारा बारचा सोलो वाजवायचा. ते रेकॉर्ड केलं आणि त्यालाच ऐकवलं. "यात डी सेव्हन कुठे आली ते सांग." त्यानं दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा बोटांवर बार मोजत ऐकलं. मोजल्यावर सांगता आलं, ऐकून सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं. ३६ सेकंदांचा सोलो, त्यात कॉर्ड सहा-सात वेळा बदलते, आणि त्या बदलाचा वाजवण्यात मागमूस नव्हता.

याचं कारण सरळ कागदावर मांडता येतं. तो वाजवत होता ती ए मायनर पेंटॅटोनिक: ए, सी, डी, ई, जी. ए ला सा मानलं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपल्या धानी रागाचे सूर. आता तीन कॉर्ड पाहू. ए सेव्हनमध्ये ए, सी शार्प, ई, जी. डी सेव्हनमध्ये डी, एफ शार्प, ए, सी. ई सेव्हनमध्ये ई, जी शार्प, बी, डी. प्रत्येक कॉर्डच्या मूळ सुराला, म्हणजे रूटला, सा मानलं तर तिचा गंधार, ज्याला आपण गिटारवाले थर्ड म्हणतो, तो अनुक्रमे सी शार्प, एफ शार्प, जी शार्प. या तिघांपैकी एकही सूर त्या पेंटॅटोनिकमध्ये नाही. एकही नाही. बारा वर्षं तो ज्या स्केलवर ब्लूज वाजवत होता, तिच्यात तिन्ही कॉर्डचे गंधार गैरहजर होते.

थर्डचं एवढं काय? रूट तर बासवाला धरतोच. पंचम मेजरमध्येही तोच, मायनरमध्येही तोच, त्यामुळे तो फारसं काही सांगत नाही. कॉर्ड मेजर की मायनर हे थर्ड ठरवतो. ती विसावली आहे की पुढे जायला निघाली आहे हे सेव्हन्थ, म्हणजे रूटपासूनचा सातवा सूर, सांगतो. हे दोन सूर वाजले की बाकी काही नसलं तरी कानाला कॉर्ड ऐकू येते.

मग मी त्याला पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचा पडदा) ए सेव्हनचा बार कॉर्ड, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड, धरायला सांगितला. तिसऱ्या तारेवर, सहाव्या फ्रेटवर त्याचं मधलं बोट होतं. "हा सूर कुठला?" त्याला मोजावं लागलं. सी शार्प. "सोलोत हा कधी वाजवलास?" तो गप्प झाला. पेंटॅटोनिकच्या त्याच पोझिशनमध्ये तिसऱ्या तारेवर पाचवा आणि सातवा फ्रेट येतात. पहिलं बोट, तिसरं बोट. मधल्या सहाव्या फ्रेटवरून तो दर वेळी उडी मारून जात होता. कॉर्ड वाजवताना ज्या जागी बोट हमखास पडतं, तीच जागा सोलोत त्याच्यासाठी निषिद्ध झाली होती. कॉर्ड आणि सोलो हे त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या वहीत लिहिलेले विषय होते.

कानातला तंबोरा

इथे स्केलला दोष द्यायचा मोह होतो. मला तो पटत नाही. स्केल एक चांगलं काम करते: कुठले सूर घेतले तर खटकणार नाही ते सांगते. नवशिक्याला पहिल्याच महिन्यात चारचौघांत वाजवायचं धाडस देते. पण आत्ता, या बारमध्ये, कुठला सूर नेमका बसेल हे तिला सांगता येत नाही, कारण कॉर्ड बदलली तरी ती जागची हलत नाही.

या विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक थर होता आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचा कान भजनात घडलेला. पेटीवर एकदा सा ठरला की काकडा संपेपर्यंत तोच. प्रत्येक सूर त्या एका सा च्या संदर्भात ऐकायचा. हे फार मोठं धन आहे, त्यामुळेच त्याचे बेंड इतके सुरेल होते. पण ब्लूजमध्ये पाचव्या बारला पायाखालची जमीन सरकते. त्याच्या कानातला तंबोरा मात्र ए वरच वाजत राहायचा.

मी त्याला एक सी वाजवून धरायला सांगितला आणि खाली एकेक कॉर्ड बदलत गेलो. ए सेव्हनवर तो कोमल गंधार, किंचित रडवा. डी सेव्हनवर तोच सूर डी चा कोमल निषाद झाला, कॉर्डच्या आतला, घरचा. ई सेव्हनवर ई चा कोमल धैवत, जड आणि परका. तार तीच, फ्रेट तोच, आणि नाती तीन. तो बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिला. "म्हणजे मी सी वाजवतो तेव्हा मी काय वाजवतोय हे मलाच माहीत नसतं," असं तो म्हणाला. निदान त्यानं स्वतःच केलं होतं.

माझी चूक

यानंतर मी त्याला जो गृहपाठ दिला तो चुकीचा होता.

तीन कॉर्डचे आर्पेजिओ दिले. रूटपासून वर, थर्ड, पंचम, सेव्हन्थ, आणि परत खाली. पोझिशन दाखवल्या, मेट्रोनोम लावायला सांगितलं. मेहनती माणूस, तीन आठवड्यांत त्यानं ते चोख बसवलं. मग आम्ही ब्लूज वाजवायला घेतला आणि ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. कॉर्ड बदलली की तो धावत तिच्या रूटवर जायचा आणि तिथून जिना चढायचा. डी आली, डी पासून चार पायऱ्या. ई आली, ई पासून चार पायऱ्या. आता कॉर्ड ऐकू येत होत्या यात शंका नाही, पण गाणं पहिल्यापेक्षाही लांब गेलं होतं. आधीचा सोलो निदान सलग होता, हा दर बारला तुटत होता.

झालं होतं असं की मी एक साचा काढून त्याच्या हातात दुसरा साचा दिला होता. बोटांना नवी पोझिशन मिळाली. कानाला काहीच मिळालं नाही.

मी स्वतः शिकलो ते मुंबईत, एका वयस्कर गोवेकर वादकाकडे. हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य गेलेलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन आणि हार्मनी शिकून मुंबईला आलेल्या वादकांच्या त्या पिढीतले ते होते, आणि हिंदी सिनेसंगीतातला ऑर्केस्ट्रा मोठ्या प्रमाणात त्या पिढीनं उभा केला. शिकवताना ते कॉर्ड वाजवून मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "थर्ड खंय आसा?" म्हणजे थर्ड कुठे आहे? गिटारवर दाखवलेलं त्यांना चालत नसे. गाऊन दाखवायचं. जोवर थर्ड गळ्यातून निघत नाही तोवर तारेला हात लावायचा नाही. मला हे अंगवळणी पडलं होतं, पण शिकवताना मी तीच पायरी गाळली. पेटीवर वाढलेल्या, उत्तम स्वरज्ञान असलेल्या माणसाला मी फ्रेटचे आकडे देत बसलो होतो.

गाऊन सुरुवात

चौथ्या आठवड्यापासून गिटार बाजूला ठेवली. मी कॉर्ड वाजवायच्या आणि त्यानं दर बारला एकच सूर गायचा, सरगममध्ये, ए ला सा धरून. ए सेव्हनच्या पहिल्या चार बारला शुद्ध ग. पाचव्या-सहाव्या बारला डी सेव्हन, कोमल ग. सातव्या-आठव्याला परत शुद्ध ग. नवव्याला ई सेव्हन, तिथे म. दहाव्याला डी सेव्हन, कोमल ग. अकराव्याला शुद्ध ग, बाराव्याला म. संपूर्ण ब्लूज तीन सुरांत: दोन गंधार आणि एक मध्यम.

त्याला हे दहा मिनिटांत आलं. जोग रागात दोन्ही गंधार येतात हे त्याच्या कानावर होतं, त्यामुळे शुद्ध ग वरून कोमल ग वर घसरणं त्याला परकं वाटलंच नाही. पाचव्या बारला तो खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललेलं मला दिसलं. "सर, इथे कॉर्ड बदलली हे मला पहिल्यांदा *लागलं*," तो म्हणाला. ऐकू आलं असं नाही म्हणाला.

मग दुसरी ओळ. कोमल नि ने सुरुवात. डी सेव्हनला शुद्ध ध. परत कोमल नि. नवव्या बारला शुद्ध नि, दहाव्याला ध, अकराव्याला कोमल नि, आणि बाराव्याला पुन्हा शुद्ध नि, जो आपोआप पुढच्या फेरीच्या सा कडे ओढतो.

या दोन ओळी एकत्र केल्या की तिन्ही कॉर्डचे थर्ड आणि सेव्हन्थ त्यात आले. एक सूर ही ओळ घेते, दुसरा ती ओळ.

दोन तारा, चार फ्रेट

आता हेच गिटारवर. आणि इथे गिटारनं आमच्यासाठी काम फार सोपं करून ठेवलेलं आहे.

चौथ्या तारेवर पाचवा फ्रेट म्हणजे जी, तिसऱ्या तारेवर सहावा फ्रेट म्हणजे सी शार्प. ए सेव्हनचा सेव्हन्थ आणि थर्ड. दोन बोटांचा एक छोटा तिरका आकार. हा आकार जसाच्या तसा एक फ्रेट मागे सरकवला की एफ शार्प आणि सी, म्हणजे डी सेव्हनचे थर्ड आणि सेव्हन्थ. मूळ जागेपासून एक फ्रेट पुढे सरकवला की जी शार्प आणि डी, म्हणजे ई सेव्हनचे थर्ड आणि सेव्हन्थ. तिन्ही कॉर्डमध्ये या दोन सुरांमधलं अंतर सहा अर्धस्वरांचंच असतं, म्हणून आकार बदलत नाही. फक्त भूमिकांची अदलाबदल होते. ए सेव्हनमध्ये चौथ्या तारेवर सेव्हन्थ असतो, डी आणि ई मध्ये त्याच तारेवर थर्ड येतो.

दोन तारा, चौथ्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत. तीनही कॉर्डचा जीव एवढ्या जागेत आहे. शिवाय हे सगळे सूर त्याच्या जुन्या पेंटॅटोनिकच्या पोझिशनला चिकटूनच आहेत. जे तीन गंधार हरवले होते ते कुठे होते? तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटवर एक, चौथ्या तारेवर चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर उरलेले दोन. बोटांच्या अगदी शेजारी.

दोन आठवडे तो फक्त एवढंच वाजवत होता. आधी दर बारला एक सूर, पूर्ण चार बीट धरलेला. नियम एवढाच की कॉर्ड बदलताना जवळात जवळच्या सुरावर जायचं, उडी मारायची नाही. चौथ्या बारला सी शार्प असेल तर पाचव्याला सी. आठव्याला जी असेल तर नवव्याला जी शार्प. इतकं कमी वाजवणं त्याला सुरुवातीला जड गेलं. बारा वर्षं वेगात वाजवलेल्या हाताला तीन सेकंद एकच सूर धरून ठेवणं म्हणजे शिक्षा वाटते. मी त्याला त्या तीन सेकंदांत सुराकडे लक्ष द्यायला सांगितलं: आता यावर व्हायब्रॅटो (सुराचं हलकं कंपन) हवा का, पिक गिटारच्या ब्रिजजवळ लावू की मानेजवळ, सूर सोडायचा कधी. त्याच्या हातात आधीपासून असलेलं कौशल्य इथे कामी आलं.

मग मोकळीक वाढवली. बारमध्ये काहीही वाजव, पण नव्या कॉर्डच्या पहिल्या बीटवर तिचा थर्ड किंवा सेव्हन्थ पडला पाहिजे. वाक्य कुठून सुरू होतं यापेक्षा कुठे उतरतं ते पाहायचं. समेवर येण्याची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गवय्या तान घेताना सम कुठे आहे ते धरून निघतो, तसंच इथे, फरक इतकाच की समेवरचा सूर दर वेळी कॉर्ड ठरवते.

सातव्या आठवड्यात त्या सुराला घेराव घालायला शिकलो. सी शार्पवर उतरायचं असेल तर आधी वरचा डी, मग खालचा सी, मग सी शार्प. तिसऱ्या तारेवर सात, पाच, सहा. तीन सुरांचा हा एवढासा तुकडा त्यानं वाजवला आणि तो हसला. जॅझच्या रेकॉर्डवर ऐकलेलं, आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलेलं काहीतरी त्याच्या बोटाखालून निघालं होतं. आणि त्यातले दोन सूर त्याच्या जुन्या पेंटॅटोनिकचेच होते.

पहिल्या बीटचा नियमही पुढे सैल केला. दर वेळी बरोबर पहिल्या बीटवर उतरलं की ऐकणाऱ्याला ते आधीच कळायला लागतं. कधी अर्धा बीट आधी पोचायचं, चौथ्या बीटच्या उत्तरार्धात, म्हणजे कॉर्ड यायच्या आधी तिची चाहूल लागते. कधी मुद्दाम दुसऱ्या बीटवर. कधी बार पूर्ण सोडून द्यायचा आणि मग यायचं.

"हे जॅझवाल्यांचं ना?"

मध्ये एकदा त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. हो, ही वाट मळली ती मुख्यतः १९३० च्या दशकातल्या जॅझ वादकांनी. कोलमन हॉकिन्सनं ११ ऑक्टोबर १९३९ ला न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवर 'बॉडी अँड सोल' रेकॉर्ड केलं, त्यात मूळ चाल जेमतेम सुरुवातीला डोकावते आणि मग दोन फेऱ्या तो फक्त कॉर्डच्या आतून हिंडतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला. त्याच्या सोलोमध्ये कॉर्डचे आकार अक्षरशः दिसतात. १९४२ मध्ये क्षयानं तो गेला तेव्हा फक्त २५ वर्षांचा होता, आणि इलेक्ट्रिक गिटारवर सोलो कसा वाजवायचा हे त्या अडीच वर्षांत त्यानं दाखवून दिलं होतं. युरोपात गिटारवादक जँगो राइनहार्ट. १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, उरलेल्या दोन बोटांनी तो सोलो वाजवायचा. त्याच्या वाजवण्यात आर्पेजिओ ओतप्रोत भरलेले आहेत.

यांपैकी कोणाचंही वाजवणं जिना चढल्यासारखं वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी एक आठवडा काही न वाजवता फक्त हे ऐकायला लावलं, सोबत दर वाक्याचा शेवटचा सूर गुणगुणायचा. शेवटचाच.

सी या सुराचं काय करायचं

नवव्या आठवड्यात एक अडचण आली, आणि ही माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात नाजूक जागा. थर्ड इतका डोक्यात बसला की सोलो गोड व्हायला लागला. ए सेव्हनवर सतत शुद्ध गंधार, सगळं उजळ, नीटनेटकं. ब्लूज राहिलाच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या गळ्यातून आलेलं हे संगीत आहे आणि त्याचा गंधार धड शुद्धही नाही, धड कोमलही नाही. तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतो, आणि तिथे नसेल तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

म्हणून पेंटॅटोनिक परत आणली. यावेळी कुठला सूर कशासाठी हे कळून. ए सेव्हनवर तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट, तो सी, पहिल्या बोटानं जमिनीकडे किंचित ओढायचा. पूर्ण सी शार्पपर्यंत न्यायचा नाही, मध्येच सोडायचा. कोमल गंधार जरा चढा. मग पाहिजे तर सहाव्या फ्रेटवर शुद्ध गंधार वाजवून वाक्य मिटवायचं. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या वाजवण्यात हे दोन्ही गंधार शेजारी शेजारी सापडतात, त्यातूनच ते कडू-गोड तयार होतं.

पण डी सेव्हन आली की तोच सी ओढायचा नाही. तिथे तो कॉर्डचा सेव्हन्थ आहे, घरचा सूर आहे. ओढलात तर तो सी शार्पकडे जातो आणि साथीच्या गिटारमध्ये वाजणाऱ्या सी ला घासतो. या विद्यार्थ्याच्या हाताला सवय लागलेली होती, सी आला की ओढ. पहिल्या दिवशी आणलेलं ते गच्चीवरचं रेकॉर्डिंग आम्ही परत लावलं. पाचव्या बारला तो सी ओढलेला होता आणि आता त्याला ते स्पष्ट ऐकू आलं. त्यानं लगेच फोन थांबवला. "हे मी इतकी वर्षं करत होतो?" असं त्यानं खूप हळू विचारलं.

ई सेव्हनवर ओढायचा तो जी, चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट. तो ई च्या थर्डकडे किंचित झुकतो. म्हणजे ओढणं तेच, पण कॉर्डप्रमाणे सूर बदलतो. हे लिहून पाठ करता येत नाही. थर्ड कुठे आहे हे कानाला माहीत असेल तर बोट आपोआप योग्य जागी ओढतं, आणि माहीत नसेल तर कितीही सांगा, चुकतं.

जिथे हे लागू नाही

एका कॉर्डवर पाच मिनिटं चालणारा जॅम असेल तर हा सगळा खटाटोप फार कामाचा नाही. कॉर्ड हलतच नाही तर तिचा बदल दाखवायचा कुणाला? जॅझ ट्रम्पेटवादक मायल्स डेव्हिसनं १९५९ मध्ये 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम केला तेव्हा तो याच कॉर्डच्या धबडग्यातून बाहेर पडू पाहत होता. त्यातल्या पहिल्याच रचनेत १६ बार एकच डोरियन, आपल्या काफी थाटासारखी, मग ८ बार तीच अर्धा स्वर वर, मग ८ बार परत मूळ जागी. तिथे स्केल घेऊनच विचार करायला हवा. आपल्या रागसंगीतावर वाढलेल्या माणसाला ती वाट उलट जवळची. माझा विद्यार्थी तिकडे गेला असता तर कदाचित माझ्याकडे आलाच नसता. पण त्याला ब्लूज वाजवायचा होता, मित्रांबरोबर, त्या गच्चीवर.

नववा बार

नवव्या आठवड्यानंतर महिनाभर आम्ही नवीन काहीच केलं नाही. दर आठवड्याला पहिल्या दिवसाचीच परीक्षा: साथ नाही, एकट्यानं बारा बार, आणि मी पाठमोरा बसून कॉर्ड बदलली की हात वर करणार. पहिल्या आठवड्यात पाचव्या बारला माझा हात वर गेला, नवव्याला गेला नाही. ई सेव्हन त्याच्यासाठी कायम अवघड राहिली. एकच बार टिकते आणि लगेच डी सेव्हन येते, विचार करेपर्यंत निघून जाते. त्याला नवव्या बारसाठी वेगळा रियाज दिला: आठवा, नववा, दहावा, एवढेच तीन बार गोल गोल. चौथ्या तारेवर पाच, सहा, चार. जी, जी शार्प, एफ शार्प. रोज दहा मिनिटं, लय ६० वर.

गणपतीत क्लास बंद होते. त्यानंतरच्या शनिवारी रात्री अकराच्या पुढे त्याचा मेसेज आला, सोबत रेकॉर्डिंग. "सर, दुसरी फेरी. नववा बार ऐका."

दुसरा गिटारवाला त्या फेरीत थांबला होता, म्हणजे याच्या खाली फक्त ड्रम आणि बास. पहिले चार बार तो जवळजवळ काहीच वाजवत नाही, एक ओढलेला सी आणि मोठा विराम. पाचव्या बारला एफ शार्प, स्वच्छ. सातव्यात थोडी गडबड, आणि त्या गडबडीत बासवाल्याचा हिशेब चुकला असावा, कारण आठवा बार संपला तरी बास ए वरच रेंगाळला. यानं मात्र आठव्या बारच्या शेवटच्या अर्ध्या बीटला चौथ्या तारेवर जी वरून जी शार्प घेतला आणि धरून ठेवला, वर तिसऱ्या तारेवर डी. खाली ए, वर हा. एक बीटभर दोघं दोन वेगळ्या कॉर्डवर होते. तो हलला नाही. दुसऱ्या बीटवर बास ए सोडून ई वर आला.